अठ्ठावन्न वर्षांचा चिखल

प्रल्हाद मोघेने आयुष्यात पुष्कळ वचनं दिली आणि त्यातली बहुतेक शांतपणे मोडली. रोज सकाळी चालायला जाईन, साखर सोडेन, गॅरेज आवरेन, ही त्यातली ठळक. पण एक वस्तू कधीही धुणार नाही, असं वचन त्याने एकदाच दिलं. न करण्यासारखं सोपं काम नाही, असा त्याचा समज होता. अमेरिकेतल्या अल्फारेटासारख्या आखीव उपनगरात एखादी वस्तू सात महिने न धुता ठेवायला किती खटाटोप करावा लागतो, हे त्याला त्या वस्तूने शिकवलं.

वस्तू म्हणजे एक मोटरसायकल. ग्रीव्ह्ज चॅलेंजर, १९६४ सालची, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात बनलेली. रस्त्यावर चालवायची नव्हेच ती. शेतातून, ओढ्यातून, उभ्या चढावरून पळवायची. त्या शर्यतींना स्क्रँबल म्हणत. हिच्या सांगाड्यात पुढच्या बाजूला नळीऐवजी ॲल्युमिनियमचा जाडजूड ओतीव खांब आहे आणि तो पाहिला की जाणकार माणसं बोलता बोलता थांबतात. हीच कंपनी अपंगांसाठी तीनचाकी गाड्याही बनवत असे. ही माहिती प्रल्हाद प्रत्येक पाहुण्याला देई आणि प्रत्येक पाहुणा गाडीकडे पाहून म्हणे, हो का, वाटतंच.

कारण गाडी दिसत नव्हती. दिसत होता तो चिखल. लालसर, कडक, कुठे बोटभर तर कुठे वीतभर. त्यातून हँडल, सीटचा फाटका कोपरा आणि बाजूची काळी पाटी तेवढी बाहेर आली होती. पाटीवर पांढऱ्या रंगात ४७.

ती विकणारे वेंडेल प्रुइट हे उत्तर जॉर्जियातले शहाऐंशी वर्षांचे शेतकरी. त्यांच्या कोठारात गवताच्या गठ्ठ्यांमागे ती उभी होती. त्यांनी एका स्थानिक वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण दाखवलं: १९६५, राज्यातली स्क्रँबल, तिसरा क्रमांक, वेंडेल प्रुइट, गाडी नंबर ४७. फोटोत हवेत उडालेली ग्रीव्ह्ज आणि तिच्यावर एक बारीक पोरगा.

"पुढल्या वर्षी शेवटची शर्यत," वेंडेल म्हणाले. "ओढ्यात पडलो. तशीच आणून उभी केली. एकच अट आहे. धुवायची नाही."

"का?"

"तो चिखल सहासष्ट सालचा आहे."

प्रल्हादला हे उत्तर इतकं आवडलं की त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. खरं तर प्रश्न विचारणं हाच त्याचा धंदा. एका मोठ्या बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये इतरांनी केलेल्या चुका शोधून काढायच्या, हे काम तो तीस वर्षं करत होता. त्या कामाची गंमत अशी की ते नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कुणाचं नाव कुठे लागत नाही. त्रेपन्नाव्या वर्षी प्रल्हादला आपलं नाव कुठेतरी छापलेलं बघायचं होतं. एकच ओळ. फार नाही.

ती ओळ कुठे छापून येणार हेही ठरलं होतं. जुन्या स्पर्धा-गाड्यांचा एक क्लब आहे, आणि तो दर दहा वर्षांनी एक नोंदवही छापतो: कुठली गाडी, कोण चालवत होतं, कुठल्या शर्यतीत काय झालं, तिची ओळख कुणी पटवली, सध्या मालक कोण. यंदाची नोंदवही ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, क्लबच्या प्रदर्शनातच बंद होणार होती. पुढची दहा वर्षांनी. ती सांभाळतात मार्ज हॉलिस, कोर्टातल्या निवृत्त लघुलेखिका. त्यांनी प्रल्हादला फोनवर सांगितलं, "कात्रण चांगलं आहे. पण मालक म्हणून नाव घालायचं तर मालकीचा कागद लागेल. मी ऐकीव काही लिहीत नाही."

मग तो कागद काढायचा उद्योग सुरू झाला.

वाहन नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी वेंडेलची जुनी पावती पाहिली, तिच्यावरचा सांगाड्याचा नंबर टिपला आणि म्हणाल्या, "आता गाडीवर कोरलेल्या नंबराचा फोटो द्या. दोन्ही जुळले की झालं."

"तो चिखलाखाली आहे."

"मग चिखल काढा."

"काढता येत नाही. ऐतिहासिक आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता, हे प्रल्हादला जास्त लागलं. "सर, ऐतिहासिकसाठी माझ्याकडे वेगळा फॉर्म आहे," त्या म्हणाल्या. "पण तो गाडीसाठी. चिखलासाठी नाही."

प्रल्हाद चार वेळा गेला. चारही वेळा त्याच बाई होत्या आणि चौथ्या वेळी त्यांनी त्याला नावाने हाक मारली. एवढीच प्रगती.

तोवर वसाहतीच्या रहिवासी मंडळाचं पत्र आलं. हे मंडळ गवताची उंची मोजतं, पत्रपेटीचा रंग ठरवतं. पत्रात लिहिलं होतं की आपल्या गॅरेजच्या उघड्या दारातून 'शेतीविषयक स्वरूपाची' वस्तू रस्त्यावरून दिसते, तरी ती झाकावी. प्रल्हादने दोन पानी उत्तर लिहिलं, त्यात स्क्रँबलचा इतिहास दिला, कात्रण जोडलं. मंडळाने अर्ध्या ओळीत कळवलं की दार बंद ठेवा.

दार बंद ठेवलं. जॉर्जियातल्या जूनमध्ये बंद गॅरेजची भट्टी होते. चिखल वाळला, तडकला आणि पडू लागला. सकाळी प्रल्हाद दिवा लावी आणि खाली इतिहासाचा एक तुकडा पडलेला दिसे. तो उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर लेबल लावी: 'मागचा मडगार्ड, डावी बाजू, १९ जून.' त्याची बायको आसावरी फ्रीजमध्ये भेंडी शोधताना त्यातली एक पिशवी उघडून बसली, आणि दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

अशा वेळी शेजारी लागतोच. मोहन खारकर मूळचे नागपूरचे, समोरच्याच घरातले. त्यांना माहीत नसलेला विषय अजून निघायचा आहे.

"ग्रीव्ह्ज म्हणजे ते रिक्षाचं इंजिन ना?" मोहनराव म्हणाले.

"ते वेगळं."

"वेगळं कसं? नाव तर तेच आहे. असू द्या. प्रल्हादराव, मी कॉलेजात राजदूत चालवली आहे. मला मातीचं सांगू नका. हेअरस्प्रे मारा. रांगोळीच्या स्पर्धेत आमची मुलगी दीपा मारायची, तीन दिवस रांगोळी हलायची नाही."

प्रल्हादने हेअरस्प्रे मारला. आसावरीचा. चिखलाला चकाकी आली आणि गॅरेजला ब्यूटी पार्लरचा वास. तुकडे पडायचे थांबले नाहीत, फक्त चकचकीत तुकडे पडू लागले.

"मग ओलावा द्या," मोहनराव डगमगले नाहीत. "ह्युमिडिफायर. सिंपल आहे यार, मातीला पाणी लागतं."

ह्युमिडिफायर आणला. याचा मात्र उपयोग झाला. तडे मिटले, चिखल पुन्हा एकजीव दिसू लागला. प्रल्हाद आठ दिवस सुखात होता. नवव्या दिवशी मागच्या चाकाच्या वर, दोन्ही बाजूंना, हिरवे कोंब आले.

ते पहिल्यांदा पाहिले सुलभाबाईंनी. प्रल्हादच्या आई मेमध्येच सहा महिन्यांसाठी मिरजेहून आल्या होत्या. वय एकोणऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका. आल्या दिवसापासून गाडीजवळून जाताना त्या पदर सावरून घेत.

"प्रल्हाद, तुझ्या गाडीला माठ आलाय."

"आई, हात लावू नकोस."

"माठच आहे. राजगिऱ्याच्याच जातीचा असेल. खुडून घेऊ का? मुगाची डाळ घालून चांगला होईल."

"आई, ते बी अठ्ठावन्न वर्षं त्या चिखलात झोपलेलं होतं."

"मग आता कोवळा आहे तोवरच घ्यायला हवा."

प्रल्हादने मार्जबाईंना विचारलं. त्यांनी कळवलं की नियमांत वनस्पतींचा उल्लेख नाही. ह्युमिडिफायर बंद करण्यात आला. माठ सुकला आणि सुलभाबाईंनी त्याबद्दल जेवताना दोनदा हळहळ व्यक्त केली. त्यानंतर प्रल्हादने गाडीवर पाटी लावली: कृपया स्पर्श करू नये. मराठीत. घरात त्याच्याशिवाय ती वाचणारी माणसं दोनच होती आणि त्यातली एक ऐकणारी होती.

दसरा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी आला. इथे नमूद करायला हवं की पूजेची कल्पना खुद्द प्रल्हादची. उद्या एवढ्या मोठ्या कामाला निघायचं, तर गाडीला आज हळदकुंकू लागावं, एक फूल पडावं, असं त्याच्या मनात आलं. मिरजेच्या घरी दसऱ्याला वडिलांची सायकल, शिवणयंत्र आणि विळी एका रांगेत पुजली जात. "आई, तुझ्या हातून कर. लांबून," एवढं सांगून तो मोहनरावांबरोबर भाड्याचा ट्रेलर आणायला गेला.

ट्रेलरवाल्याने प्रल्हादच्या कारचे मागचे दिवे तपासले. डावा लागेना. मोहनरावांनी वायर ओढून दाखवली, मग उजवाही लागेना. या कामात तीन तास गेले. त्या तीन तासांत मोहनरावांनी राजदूतच्या कार्बोरेटरचा विषय पूर्ण केला.

परत आल्यावर प्रल्हादला आधी दिसलं ते उघडं दार. मग ड्राइव्हवेवरून गटाराकडे वाहणारा लाल ओहोळ. मग फुटलेला नारळ. आणि मग, झेंडूच्या माळेखाली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक मिरवणारी, ओतीव खांबासकट देवघरातल्या समईसारखी लखलखणारी, १९६४ची ग्रीव्ह्ज चॅलेंजर. शेजारी पाटावर सुलभाबाई बसल्या होत्या. पुढ्यात चिंचेच्या कोळाचं पातेलं, मीठ आणि तारेची घासणी.

मोहनराव हलक्या आवाजात म्हणाले, "अरे बाप्पा."

"आई," प्रल्हाद म्हणाला.

"पारोशी होती रे ती," सुलभाबाई म्हणाल्या. "पारोशाला हळदकुंकू कसं लावू? तूच म्हणालास पूजा कर."

"मी लांबून म्हणालो होतो."

"पूजा लांबून केली. धुणं लांबून होतं का?"

आसावरी आतून टॉवेलने हात पुसत आली. "मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर पुढचं चाक झालं होतं. म्हटलं, अर्धवट ठेवलं तर आणखीनच वाईट दिसेल."

प्रल्हादने पायरीवर बसकण मारली. सात महिने, चार खेपा, दोन पानी पत्र, सत्तावीस पिशव्या. सगळं गटारात. मग सवयीने त्याची नजर चूक शोधू लागली आणि बाजूच्या पाटीवर अडली. ४७ नव्हता. घासणीने तो वरचा पांढरा रंग गेला होता आणि त्याखालून, जुन्या पक्क्या रंगात, स्वच्छ निघाला होता ११२.

तो उठला. सांगाड्यावर कोरलेला नंबर आता दिसत होता. त्याने खिशातून वेंडेलच्या पावतीची प्रत काढली आणि आकडे एकेक करून ताडून पाहिले. मग पुन्हा पाहिले. जुळत नव्हते. हा सांगाडा पावतीवरचा नव्हताच.

"जाऊ नका उद्या," मोहनरावांनी सल्ला दिला. "ताप आला म्हणा."

पण वेंडेल येणार होते. गुडघे गेलेला शहाऐंशीचा माणूस नातीला गाडी चालवायला लावून दोन तासांवरून येणार होता, चिखल बघायला. त्याला घरी बसून फोन करणं प्रल्हादला जमेना. "आणि माळ राहू दे," सुलभाबाई म्हणाल्या. "दसऱ्याची आहे, आज काढू नकोस. आणि मीही येते. धुतली मी, तर बोलणीही मीच खाईन."

प्रदर्शन एका लहानशा गावच्या मैदानात होतं. चाळीसेक गाड्या, सगळ्या कळकट. त्यांच्यामध्ये झेंडूची माळ घातलेली ग्रीव्ह्ज ट्रेलरवरून उतरली तेव्हा लोक बाजूला झाले. एकाने टोपी काढली. बहुधा त्याला ती अंत्ययात्रा वाटली असावी.

वेंडेल घडीच्या खुर्चीत बसले होते. गाडी त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांची नजर थेट पाटीवर गेली.

"धुवू नको म्हणालो होतो," ते म्हणाले.

"माफ करा, सर. माझ्या आईने..."

"का म्हणालो होतो, कळलं आता?"

वेंडेलनी हनुवटीने पाटी दाखवली. "एकशे बारा अर्लचा. माझा धाकटा भाऊ. दोघांनी एकसारख्या गाड्या घेतल्या होत्या. शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मी पडून माझं चाक वाकवलं, म्हणून सकाळी त्याची घेतली. त्याला न विचारता. वरून माझा नंबर रंगवला. मग ओढा, मग कोठार. कोठारात दोन्हींवर सत्तेचाळीस, दोन्हींवर चिखल. पुढे एक गिऱ्हाईक आलं, दोनपैकी एक विकली. अर्ल म्हणायचा, कोठारातली माझी आहे, तू तुझी विकलीस. मी म्हणायचो, माझी आहे, नंबर बघ. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही."

"आणि खरं काय होतं?"

"खरं मला पक्कं माहीत नव्हतं. चिखल होता ना." वेंडेलनी डोळे मिचकावले, पण ते हसणं नव्हतं. "माहीत करून घ्यायला एक बादली पाणी पुरलं असतं. अठ्ठावन्न वर्षं ओतलं नाही. चार वर्षांपूर्वी अर्ल गेला."

सुलभाबाईंनी प्रल्हादकडून सगळं समजून घेतलं. मग चाळीस वर्षं मुलांना कोपऱ्यात उभं करणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांग, भावाची वस्तू भावाला विचारून घ्यावी."

प्रल्हादने जरा मऊ करून सांगितलं. "नाही, जसं म्हणाल्या तसं सांग," वेंडेल म्हणाले. त्याने तसं सांगितलं. वेंडेलनी मान डोलावली आणि ती माळ मिळेल का विचारलं. परत जाताना वाटेतच अर्लचं दफनस्थान लागतं. सुलभाबाईंनी क्षणभर विचार केला, माळ स्वतः उतरवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

तेवढ्यात मार्ज हॉलिस नोंदवही घेऊन आल्या. बुटक्या, ताठ, कानामागे पेन्सिल. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी सांगाड्याचा नंबर स्वतःच्या यादीशी ताडला आणि त्यांचा चेहरा उजळला. प्रल्हाद दोन पावलं पुढे सरकला.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं शोधतेय मी हिला. अर्ल प्रुइट. पाच शर्यती सुरू केल्या, पूर्ण एकही नाही. दोनदा पडला, एकदा रस्ता चुकून शेजारच्या परगण्यात निघाला, एकदा गाईने अडवला."

"चार झाल्या," प्रल्हाद सवयीने म्हणाला.

"पाचवी मी," वेंडेल म्हणाले.

मार्जबाईंनी पेन्सिलने दुरुस्ती केली. प्रल्हादने नोंदवहीतल्या नावाचा विषय काढला. मालकीचा कागद? त्याने पावती दिली. मार्जबाईंनी ती वाचून परत केली. "ही दुसऱ्या गाडीची आहे. त्या गाडीचे मालक तुम्ही आहात, ती सापडली तर. हिच्या मालकीचा कागद नाही."

"अर्लच्या मुलीकडून आणून देतो," वेंडेल म्हणाले. "ओरेगनला असते. बोलत नाही माझ्याशी, पण पाहतो."

"वही आज बंद होते," मार्जबाई म्हणाल्या.

"मग निदान ओळख पटवणारा," प्रल्हाद म्हणाला. "मी सात महिने..."

"तुम्ही सात महिने कुठला नंबर सांगत होतात?"

मार्जबाई सुलभाबाईंकडे वळल्या, नाव विचारलं, गाव विचारलं, कशाने धुतली ते विचारलं, आणि प्रत्येक अक्षर दोनदा खात्री करून लिहिलं. मग नियमाप्रमाणे नोंद वाचायला त्यांनी वही प्रल्हादपुढे धरली.

ग्रीव्ह्ज चॅलेंजर, १९६४. स्पर्धा क्रमांक ११२. स्वार: अर्ल प्रुइट; पाचव्या शर्यतीत वेंडेल प्रुइट. पाच शर्यती, पूर्ण एकही नाही. ओळख पटवली: श्रीमती सुलभा मोघे, मिरज, भारत. साधन: चिंच. मालकी: कागद प्रलंबित. सध्याचं ठिकाण: श्रीमती मोघे यांच्या मुलाचं गॅरेज, अल्फारेटा.

तीस वर्षं इतरांच्या चुका शोधून पोट भरलेल्या माणसाने ती नोंद तीनदा तपासली. चूक सापडली नाही.